काळ्या पाण्यावर एकटे

‘काळे पाणी’ हे दोन शब्द आपल्या घरांत अजूनही शिक्षेसारखेच उच्चारले जातात. कुणाची बदली लांब झाली, की लोक म्हणतात, "काळ्या पाण्यावर धाडले." मुलगी दूरच्या गावी दिली, तरी हाच शब्द. मराठी वाचकाला तो मुख्यतः नाशिकच्या सावरकर बंधूंच्या जन्मठेपेमुळे माहीत असतो. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, अशी जुन्या काळी अनेक हिंदू घरांत समजूत होती. त्या समजुतीतूनच हे नाव आले असे सांगतात.

पण आपल्या घरांचे काय? आपले आजे-पणजे हजला समुद्रानेच जात होते. मुंबईहून हाजींचे जहाज १९९५ पर्यंत सुटत होते. निरोप द्यायला अख्खा मोहल्ला जायचा आणि परत आलेल्या माणसाच्या नावामागे हाजी लागायचे. आपल्यासाठी समुद्र हा इज्जतीचा रस्ता होता. तरीही ‘काळे पाणी’ म्हटले की आमच्या अम्मी आजही कानाच्या पाळीला हात लावतात. म्हणजे ही भीती पाण्याची नाही. त्या पाण्यापलीकडे माणसांनी माणसांचे काय केले, त्याची ती भीती आहे आणि ती दीडशे वर्षे आपल्या बोलण्यात राहून गेली आहे.

गेल्या हिवाळ्यात हा शब्द आमच्या घरात रोज ऐकू येऊ लागला, त्याला कारण घडले.

आम्ही चिकलठाण्याचे. एका अंगाला एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला विमानतळ आणि जवळून वाहणारी सुखना. तीस वर्षे एमआयडीसीत लेथवर उभे राहिलो, आता निवृत्त आहोत. डोक्यावरून रोज विमाने जातात, पण घरातली मोजकीच माणसे त्यांत बसली आहेत. आमच्या आपांची धाकटी मुलगी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला समुद्री जीवशास्त्र शिकायचे आहे. पुदुच्चेरी विद्यापीठाचा हा विभाग अंदमानात, पोर्ट ब्लेअरला आहे. तिने प्रवेश परीक्षेचा फॉर्म समोर ठेवला आणि घरात वादळ उठले.

"पोरीला काळ्या पाण्यावर पाठवायचे?" दुलाभाई म्हणाले. शेजारच्या खालांनी मोबाइलवर पाहिले होते, की तिथले लोक बाण मारतात. कुणी मगरीचे सांगितले, कुणी सुनामीचे. आपा काही बोलल्या नाहीत, नुसत्या स्वयंपाकघरात गेल्या. शेवटी ठरले, की फॉर्म भरू द्या, परीक्षा देऊ द्या, जायचे की नाही ते नंतर पाहू. त्या रात्री भाची आमच्याकडे आली आणि म्हणाली, "मामू, तुम्ही स्वतः जाऊन बघा. तुम्ही नको म्हणालात, तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

एका मुलीच्या आयुष्यातला मोठा निर्णय असा आमच्या पदरात पडला. म्हणून आम्ही ठरवले, की जायचे ते एकटे, पाठीवर एक पिशवी घेऊन, विद्यार्थ्याच्या खर्चात. सहलीच्या कंपनीबरोबर गेलो तर कंपनी दाखवेल तेवढेच दिसणार. मुलगी तिथे एकटी राहणार, तर एकट्या माणसाला ते गाव कसे वागवते, हे पाहायला हवे. या लेखात ‘आम्ही’ म्हटले आहे खरे, पण माणूस एकच होता आणि पिशवीही एकच.

काळ्या चबुतऱ्यापासून

निघण्याआधी थोडे वाचन केले. तेव्हा कळले, की आपल्या शहरापासून अंदमानपर्यंतचा रस्ता फार जुना आहे.

चिकलठाण्याहून जालना रोडने शहरात शिरले, की क्रांती चौक लागतो. तिथे काळा चबुतरा आहे. जून १८५७ मध्ये औरंगाबादच्या छावणीतल्या हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाने दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला जाण्यास नकार दिला. पुण्याकडून जनरल वुडबर्नची फौज आली आणि तोफा छावणीकडे वळल्या. जे सापडले, त्यांतल्या अनेकांना मृत्युदंड मिळाला. काळा चबुतरा त्यांची आठवण आहे.

काही जण निसटले. जमादार चिदा खान आणि त्यांचे काही साथीदार हैदराबादला पोहोचले. पण तिथे त्यांना पकडून इंग्रजांच्या रेसिडेन्सीत देण्यात आले. त्यांना सोडवण्यासाठी १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी सय्यद अलाउद्दीन यांनी काहीशे रोहिल्यांसह रेसिडेन्सीवर हल्ला केला. हल्ला फसला. तुर्रेबाज खान कैदेतून निसटले, पण १८५९ च्या सुरुवातीला मारले गेले. मौलवी अलाउद्दीन यांना जन्मठेप होऊन १८५९ मध्ये अंदमानला पाठवण्यात आले. तिथेच त्यांचा इंतकाल झाला. आपल्या छावणीतल्या शिपायांसाठी उठलेला माणूस उरलेले आयुष्य त्या बेटावर राहिला आणि आपल्या शहरात त्यांचे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही.

म्हणून आम्ही त्याच वाटेने निघालो. रात्रीच्या गाडीने काचीगुड्याला उतरलो आणि तिथून कोठीला गेलो. उंच खांबांची ती रेसिडेन्सी अजून उभी आहे. बसस्टँडजवळ तुर्रेबाज खानांचे स्मारक आहे. आणि रेसिडेन्सीच्या आवारात आज काय आहे? मुलींचे विद्यापीठ. ज्या दारावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या आवारात आता मुली वह्या घेऊन ये-जा करतात. आम्ही तिथे फार थांबलो नाही, पण पुढचा सगळा प्रवास ते दृश्य डोळ्यांसमोर होते.

तीन दिवस पाण्यावर

चेन्नईपासून पोर्ट ब्लेअर सुमारे बाराशे किलोमीटर. विमानाने दोन-सव्वादोन तास लागतात, जहाजाने साधारण तीन दिवस. सरकारी जहाजे महिन्यातून मोजक्याच वेळा सुटतात, म्हणून तारीख आधी पाहावी लागते. सर्वांत स्वस्त तिकीट बंकचे. एका मोठ्या दालनात रेल्वेसारखे वर-खाली पलंग, वर पंखे आणि इंजिनाची अखंड घरघर. पहिल्या दिवशी पोट ढवळले. शेजारच्या एका बंगाली आजींनी आमच्या हातावर लिंबाची फोड ठेवली आणि म्हणाल्या, "क्षितिजाकडे बघत बसा." तसे केल्यावर बरे वाटले.

त्या दालनात निम्मा हिंदुस्तान होता. रांचीकडचे मजूर, तमिळ दुकानदार, सुट्टीवरून परतणारा जवान, पोर्ट ब्लेअरच्या कॉलेजात शिकणारी तीन-चार मुले-मुली. एकट्या माणसाला पाहून प्रत्येकाचा पहिला प्रश्न, "एकटेच?" आणि दुसरा, "जेवलात का?" तीन दिवसांत आमच्या पिशवीतला आपांनी दिलेला चिवडा सगळीकडे फिरला आणि बदल्यात इडली, केळ्याचे वेफर्स, नारळाच्या वड्या आल्या.

जहाज पूर्वेकडे चाललेले असल्यामुळे किब्ला जहाजाच्या मागच्या बाजूला येत होता. डेकवर चार-पाच जण जमून नमाज पढायचो, तेव्हा समोर जहाजाने मागे टाकलेली पाण्याची पांढरी रेघ दिसायची. बेड्या घातलेल्या माणसांनीही याच दिशेला तोंड करून नमाज पढली असेल. त्यांच्यासाठी त्या दिशेला काबा होता आणि परत कधी न दिसणारे घरही त्याच दिशेला होते.

बेटावर

बंदरावर उतरलो ते एका नाव बदललेल्या शहरातून निघून दुसऱ्या नाव बदललेल्या शहरात. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम झाले. दोन्हीकडचे रिक्षावाले अजून जुने नावच घेतात, हे लगेच लक्षात आले.

पहिला धक्का घड्याळाचा. अंदमान इतके पूर्वेला आहे, पण घड्याळ आपलेच. जानेवारीत तिथे सव्वापाचच्या सुमारास सूर्य बुडतो. आम्ही मगरिबची नमाज करून घरी फोन लावला, तर इकडे आपा असरनंतरचा चहा करीत होत्या. फोन मात्र स्वच्छ लागला. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राच्या तळातून सुमारे २,३०० किलोमीटरची केबल टाकली गेली, तेव्हापासून तिथले फोन आणि इंटरनेट सुधारले. सेल्युलर जेलच्या कैद्याला वर्षातून एक पत्र लिहायची मुभा असे. आपांनी त्या एका संध्याकाळी आम्हाला चार वेळा फोन केला.

मुक्कामाला ॲबर्डीन बाजारातली साधी लॉज घेतली. खाली एका केरळी मुसलमानाचे हॉटेल होते. परोटा, माशाचे कालवण, कडक चहा. जामा मस्जिद चालत जाण्याइतकी जवळ. भाषेची अडचण शून्य, कारण तिथे सगळे हिंदीच बोलतात. देशभरातून आणलेले कैदी एकमेकांशी बोलायला लागले, त्यातून ही समाईक हिंदुस्तानी तयार झाली. जे कुटुंब कैद्यांच्या काळापासून तिथे आहे, ते स्वतःला ‘लोकल’ म्हणवते. आजोबा कुठले, आजी कुठली, जात कुठली, असे विचारले तर हसून म्हणतात, "जहाजात सगळे मिसळून गेले."

सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या काळात बांधले गेले. मधल्या मनोऱ्यापासून निघालेले इमारतीचे सात लांब हात. एका हाताचे दरवाजे दुसऱ्याच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैद्याचे तोंड दिसू नये. सातांपैकी तीन हात उरले आहेत. मोकळ्या झालेल्या जागेत आज गोविंद वल्लभ पंत रुग्णालय आहे. जिथे माणसे कोलू ओढून मोडत होती, तिथे आता बाळंतपणे होतात. आम्ही एका कोठडीत उभे राहिलो. उंचावर एक झरोका, बाकी भिंत.

पण काळे पाणी या जेलच्या आधीच सुरू झाले होते. १० मार्च १८५८ रोजी डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर हा अधिकारी दोनशे कैदी घेऊन इथे उतरला. ते बहुतेक १८५७ च्या उठावातले. भिंती नव्हत्या, फक्त जंगल आणि समुद्र. जंगलातून चालत गेले की ब्रह्मदेश लागतो, अशा समजुतीने काही कैदी पळाले. जे परत आले किंवा सापडले, त्यांतल्या ऐंशीहून अधिक जणांना वॉकरने फासावर चढवले.

त्या पिढीत आपले मोठे आलिम होते. गालिबचे मित्र अल्लामा फज्ले हक खैराबादी इथेच १८६१ मध्ये वारले. साउथ पॉइंटला त्यांची मजार आहे. मौलाना जाफर थानेसरी १८६६ ते १८८३ इथे राहिले, इथेच त्यांनी संसार केला आणि सुटल्यावर ‘काला पानी’ या नावाने ओळखले जाणारे पुस्तक लिहिले. मौलवी अलाउद्दीन यांच्यासाठी आम्ही अल्लामांच्या मजारीजवळच उभे राहून फातिहा पढली. तिथे समुद्राचा आवाज सतत येत राहतो. एक म्हातारे खादिम झाडू मारीत होते. "कुठून आलात?" त्यांनी विचारले. औरंगाबाद म्हटल्यावर ते म्हणाले, "अच्छा, खुल्ताबादवाले. बुजुर्गांच्या गावचे." एवढ्या दूर आपल्या खुल्ताबादचे नाव ऐकून डोळे भरून आले.

कैद्यांच्या गावांत

चॅथमहून बोटीने पलीकडे बांबू फ्लॅटला जाता येते. जवळच होपटाऊनचा धक्का. ८ फेब्रुवारी १८७२ ला इथे शेर अली आफ्रिदी या कैद्याने व्हाइसरॉय लॉर्ड मेयोवर सुरी चालवली. हिंदुस्तानात मारला गेलेला तो एकमेव व्हाइसरॉय. पुढे काही आठवड्यांतच शेर अलीला व्हायपर बेटावर फाशी झाली. अंदमानचे नाव जगभर भीतीने घेतले जाऊ लागले, त्यात या घटनेचाही वाटा होता.

पण आम्हाला तिथे पाहायची होती ती माणसे. १९२१ च्या मलबारच्या उठावानंतर शेकडो मोपला मुसलमानांना अंदमानला पाठवले गेले. पुढे सरकारने त्यांच्या बायका-मुलांनाही आणण्याची मुभा दिली. त्यांनी जंगल तोडून भात आणि नारळ लावले आणि गावांना आपल्या सुटलेल्या गावांची नावे दिली. कालिकत, मंजेरी, तिरूर, मन्नारघाट. आज बसच्या पाटीवर ही नावे वाचताना मलबारात आहोत की अंदमानात, असा प्रश्न पडतो.

अशाच एका गावात जुहरनंतर मस्जिदीच्या ओट्यावर बसलो होतो. एका वयस्कर चाचांनी घरी नेले. तांदळाची भाकरी, मासा आणि काळा चहा झाला. त्यांचे आजोबा बेड्या घालून आले होते. नात शाळेत शिक्षिका आहे. आम्ही विचारले, "आजोबांबद्दल लोक काय बोलायचे?" चाचा म्हणाले, "सरकारी कागदात ते खतरनाक कैदी होते. आमच्या गावात त्यांनी विहीर खणली. आम्ही त्या विहिरीचे पाणी पितो, कागद कुणी वाचत नाही."

निघताना त्यांनी आमची पिशवी उचलून बोटीच्या धक्क्यापर्यंत आणली. नको म्हटले तरी ऐकले नाही.

बाण कोण मारतो आणि का

आता शेजारच्या खालांच्या बाणांकडे येऊ.

अंदमानात हजारो वर्षांपासून राहणारे लोक आहेत. ग्रेट अंदमानी, ओंगे, जारवा, सेंटिनली. १८५८ मध्ये कैद्यांची वसाहत आली, तेव्हा ग्रेट अंदमानी काही हजार होते. मे १८५९ मध्ये ते धनुष्यबाण घेऊन ॲबर्डीनला इंग्रजांवर चालून गेले आणि बंदुकींपुढे हरले. पुढे गोवर आणि इतर रोगांनी त्यांची वाताहत झाली. आज ते जेमतेम पन्नासेक उरले आहेत. उत्तर सेंटिनल बेटावरचे लोक परक्याला किनाऱ्यावर येऊ देत नाहीत. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये एक अमेरिकी तरुण कायदा मोडून तिथे उतरला आणि मारला गेला. त्या बेटाजवळ जायला कायद्याने बंदी आहे. जो बंदी पाळतो, त्याला तिथून कधीच बाण लागत नाही.

जारवांचे जंगल मात्र रस्त्यावर आहे. पोर्ट ब्लेअरहून उत्तरेला जाणारा अंदमान ट्रंक रोड त्यांच्या राखीव भागातून जातो. तिथे गाड्या ठरलेल्या वेळी, पोलिसांबरोबर ताफ्याने सोडतात. थांबायचे नाही, फोटो काढायचा नाही, खायला द्यायचे नाही. तरीही २०१२ मध्ये जारवा स्त्रियांना खाऊचे आमिष दाखवून नाचायला लावल्याची चित्रफीत बाहेर आली आणि देशभर संताप झाला. १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ पसरली होती. राखीव भागातला हा रस्ता बंद करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच दिला होता.

हे समजल्यावर आम्ही त्या रस्त्याने गेलो नाही. दिगलीपूरला जायचे होते, म्हणून रात्रीची बोट घेतली. वेळ अधिक लागला, पण कुणाच्या अंगणातून गाडी हाकली नाही. दुसऱ्याच्या घरात डोकावू नये, परवानगीशिवाय आत जाऊ नये, हा आदब आपण आपल्या मुलांना लहानपणीच शिकवतो. तो जंगलातल्या घरालाही लागू आहे. आणि हिशेब मांडलाच, तर त्यांच्यामुळे आपली जेवढी माणसे गेली, त्याहून कितीतरी पट त्यांची माणसे आपल्यामुळे गेली. धोकादायक कोण, याचे उत्तर कुठल्या काठावरून पाहतो त्यावर आहे.

खरी भीती कशाची बाळगावी

अंदमानात भ्यायला काहीच नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. आपांना तर मुळीच म्हणालो नाही. वीस दिवसांत जे पाहिले, विचारले आणि तपासले, ते असे.

समुद्र. वरून शांत दिसतो, पण ओढ जबर असते. लाल झेंडा असेल तिथे घोट्याएवढ्या पाण्यातही उतरू नये.

मगर. खारफुटीच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये हॅवलॉक, म्हणजे आताचे स्वराज द्वीप, इथल्या किनाऱ्यावर एका परदेशी पाहुणीचा जीव गेला होता. सूचनेचे फलक शोभेसाठी नसतात. पहाटे, संध्याकाळी आणि खाडीच्या तोंडाशी पोहू नये.

भूकंप आणि सुनामी. २६ डिसेंबर २००४ चा घाव तिथल्या प्रत्येक कुटुंबाला आठवतो. पोर्ट ब्लेअरजवळच्या सिप्पीघाटची शेते त्या दिवसापासून पाण्याखाली आहेत. जमीन जोरात हलली, तर समुद्राकडे पाहत न बसता उंचावर जायचे, हे तिथले शाळकरी मूलही सांगते.

अंतर. मोठा आजार झाला, तर चेन्नई किंवा कोलकाता गाठावे लागते. वादळात बोटी आणि विमाने बंद पडतात. हातात दोन-तीन दिवस आणि जास्तीचे पैसे राखून ठेवावेत. लहान बेटांवर रोख रक्कम जवळ असावी.

परवाने. भारतीयांना अंदमानच्या बहुतेक भागात वेगळा परवाना लागत नाही. निकोबार बेटे आणि आदिवासी राखीव क्षेत्रे मात्र बंद आहेत. ओळखपत्र सतत जवळ ठेवावे.

माणसांची भीती? एकटे फिरताना आम्हाला एकदाच त्रास झाला. एका रिक्षावाल्याने दुप्पट भाडे मागितले. ते तर आपल्या रेल्वे स्टेशनवरही मागतात.

भाचीचे वर्ग

विद्यापीठाचा विभाग शहराबाहेर ब्रुकशाबादला आहे. आम्ही तिथे दोनदा गेलो, एकदा सकाळी आणि एकदा अंधार पडताना, कारण मुलगी तिथून अंधारातच परतणार. बस कुठे थांबते, शेवटची बस किती वाजता, थांब्यावर दिवा आहे का, वाटेत दुकाने उघडी असतात का, हे सगळे वहीत लिहिले. मुलींच्या राहण्याच्या तीन जागा पाहिल्या. त्यांतल्या एका ठिकाणी पाण्याची टंचाई होती, एक फार आडबाजूला होती आणि एक चांगली होती. तिथल्या बाईंनी आम्हाला आमच्याच घरच्यांसारखे दहा प्रश्न विचारले, म्हणून आम्हाला ती जागा अधिक आवडली.

आवारात भेटलेल्या एका विद्यार्थिनीला विचारले, "बेटी, घरचे घाबरले नाहीत?" ती म्हणाली, "अंकल, घाबरले होते. मी आल्यावर ते आले. आता दर वर्षी येतात." वांडूरला समुद्री राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे काचेच्या तळाच्या बोटीतून आम्ही पहिल्यांदा जिवंत प्रवाळ पाहिले. लेथवर लोखंडाची वर्तुळे कापण्यात उमर गेली आणि पाण्याखाली इतकी बारीक, इतकी अचूक कारागिरी पाहून सुब्हानल्लाह एवढेच तोंडातून निघाले. मुलीला हेच शिकायचे आहे. त्यात वाईट काय?

परतल्यावर दुलाभाईंसमोर वही ठेवली. दोन पाने भीतीची, खरी कुठली आणि ऐकीव कुठली. दोन पाने बंदोबस्ताची. त्यांनी सगळे वाचले. मग विचारले, "शेवटची बस चुकली तर?" आम्ही म्हणालो, "तर थांब्यासमोरच्या दुकानदाराचा नंबर पान तीनवर आहे." त्यांनी पान तीन उलटून पाहिले आणि वही आपांकडे दिली. परीक्षेचा निकाल अजून यायचा आहे. निर्णय आई-बापांचा आणि मुलीचा आहे, मामूचा नाही. पण आता त्यांच्या बोलण्यात काळे पाणी येत नाही. बसची वेळ येते, भाडे येते, सुट्ट्या येतात. भीतीची जागा प्रश्नांनी घेतली आहे आणि प्रश्नांना उत्तरे असतात.

वाचकहो, एखाद्या जागेचे नाव खराब होते, तेव्हा ते नाव कुणी दिले आणि कधी दिले, हे आपण तरी विचारले पाहिजे. आपल्याहून चांगले हे कुणाला कळेल? आपल्याच शहरांत असे मोहल्ले आहेत, जिथे यायला रिक्षावाला कचरतो आणि घराचा पत्ता ऐकून नोकरी देणारा थबकतो. आत राहणाऱ्याला ठाऊक असते, की तिथे सकाळी मुले शाळेत जातात, दुपारी बायका पापड लाटतात आणि कुणाच्या घरी मयत झाली, तर शंभर माणसे खांदा द्यायला येतात. बाहेरच्याने एकदा येऊन चहा प्यावा, एवढीच आपली अपेक्षा असते. तीच अपेक्षा त्या बेटावरची माणसेही आपल्याकडून ठेवत असतील.

सफरीला निघणाऱ्या मुला-मुलींना आमचे सांगणे इतकेच. घरच्यांना रोज एक फोन करा. कायद्याने बंद असलेल्या दारावर थाप मारू नका. समुद्राचा, जंगलाचा आणि यजमानाचा आदब राखा. आणि ऐकीव भीती पिशवीत भरण्याआधी ती तपासून घ्या. पाठीवरचे ओझे जितके कमी, तितका रस्ता सोपा.